पहिला घास विक्रेत्याचा

पार्ले पूर्वेला एक बाग आहे. तिथे वर्षातून एक दिवस खाद्यजत्रा भरते आणि उरलेलं वर्ष तिची नियमावली तयार होत असते. नियमावली करतात विद्याधर खांबेटे. सरकारी खात्यात त्यांनी आयुष्यभर लोकांचे परवाने अडवले, आणि निवृत्त झाल्यावर अडवायला काही उरलं नाही तेव्हा ते घरातल्या घरात सुकायला लागले. दुधाच्या पिशव्यांवरच्या तारखा वाचून झाल्या, सोसायटीच्या लिफ्टचं प्रमाणपत्र तपासून झालं. मग रहिवासी संघाने त्यांना जत्रेच्या परवाना समितीवर घेतलं आणि महिन्याभरात त्यांचे गाल पुन्हा भरले. पण ही गोष्ट त्यांची नाही. त्यांच्या बायकोची, वसुधाची आहे.

वसुधाचा मसालेभात पार्ल्यातल्या बऱ्याच घरांना माहीत होता. मुंज असो, डोहाळजेवण असो, ‘वसुधाताईंना सांगू या ना’ हे ठरलेलं. विम्याच्या ऑफिसात नोकरी होती तेव्हाही ती करायची आणि निवृत्त झाल्यावरही. मोठं पातेलं भरून जायचं, घासून परत यायचं आणि सोबत एक नारळ यायचा. एवढ्या नारळांचं करायचं काय, हा त्या घरातला कायमचा प्रश्न होता.

गंमत अशी, की हा भात खुद्द वसुधाने कधी नीट चाखलाच नव्हता. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, ही तिच्या आईची शिस्त. मीठ हाताच्या अंदाजाने पडायचं आणि मसाल्याचं काय ते नाक सांगायचं. नैवेद्य झाला की पहिलं ताट विद्याधरांचं. ते पहिला घास घ्यायचे, चावणं थांबवायचे, वर पंख्याकडे बघायचे आणि निकाल द्यायचे, ‘‘मीठ कमी.’’ मग ताटात डावीकडे वाढलेलं मीठ बोटाने कालवून घ्यायचे. अडतीस वर्षांच्या संसारात हा निकाल बदलला नाही. आमटी असो, भरली वांगी असोत. एकदा तर शिऱ्यालाही हाच निकाल लागला होता.

निकाल लागला की वसुधा उरलेल्या पातेल्यात आणखी चिमूटभर मीठ ढवळायची. सगळ्यांचं झाल्यावर स्वतः जेवायला बसायची तेव्हा तिला ते खारट लागायचं. नवऱ्याला कमी लागतं ते आपल्याला जास्त लागतं, तेव्हा आपल्याच जिभेत काहीतरी खोट असणार, अशी तिने केव्हाच समजूत करून घेतली होती. मुंजीला जाणारं पातेलं मात्र निकाल न लागताच घराबाहेर पडायचं आणि तिथून कधी तक्रार आली नव्हती. त्यावर विद्याधरांचं म्हणणं असं, की लोक भिडस्त असतात.

म्हणून तिला जत्रेत स्टॉल हवा होता. पैसे देऊन खाणारा माणूस भिडस्त नसतो. आवडलं तर तो दुसऱ्यांदा येतो, नाही आवडलं तर उरलेलं ताटलीसकट कचऱ्यात टाकतो. स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची इच्छा. पुण्याहून लेक गंधाली फोनवर म्हणाली, ‘‘आई, लाव गं बिनधास्त.’’ वडिलांची नियमावली तिने वाचलेली नव्हती.

आता मसालेभात विकायचा म्हणजे काय काय लागतं, ते ऐका. आधी सरकारी नोंदणी, फोटोसकट. मग डॉक्टरचा दाखला, की बाईंना खरूज नाही, नायटा नाही. मग वयाच्या चौसष्टाव्या वर्षी टायफॉइडची लस. मग बागेत काहीही पेटवणार नाही असं हमीपत्र, कारण बाग महापालिकेची आणि तिथल्या गवताला धग लागता कामा नये. गवत तिथे दोन ठिकाणी होतं. आणि शेवटी एक दिवसाचं स्वच्छता प्रशिक्षण, ज्यात पंचविशीतल्या एका मुलाने पडद्यावर चित्रं दाखवून जमलेल्या बायकांना हात धुवायला शिकवलं.

त्या प्रशिक्षणात मागच्या बाकावर वसुधाच्या शेजारी वनमाला बसली होती. अंधेरीची, मूळची मालवणकडची. नवरा गुणाजी गिरणी बंद पडल्यापासून सोसायटीत वॉचमन होता आणि वनमाला ऑर्डरप्रमाणे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करून द्यायची. पडद्यावर साबणाचा फेस आला तेव्हा ती वसुधाच्या कानाला लागली.

‘‘हात कशे धुवचे ता ह्यो आमका शिकयता. माझ्या आयशीन बगल्यान असता तर ह्येचेच धुवन काढल्यान असते.’’

वसुधाला हसू आवरेना. दोघींना त्या मुलाने एकदा दटावलंही. तेव्हापासून त्यांचं जमलं. वनमालाने जत्रेत शेजारचाच स्टॉल मागून घेतला.

घरातला अर्ज मात्र सोपा नव्हता. विद्याधर समितीवर, बायको अर्जदार; उद्या कुणी म्हणायला नको की खांबेट्यांनी घरचं काम घरच्या घरी उरकलं. तेव्हा वसुधाने अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर विद्याधरांनी तो उचलून बैठकीच्या खोलीत नेला, वाचला आणि फोटोत अर्जदार हसत आहे असा शेरा मारून लिफाफ्यात घालून स्वयंपाकघरात परत पाठवला. पाठवला म्हणजे स्वतःच आणून दिला. वसुधाने गंभीर चेहऱ्याचा फोटो काढून घेतला. तसा चेहरा करायला तिला त्या आठवड्यात वेगळे कष्ट पडले नाहीत.

या सगळ्या कडकपणाला एक कारण होतं. आदल्या वर्षी जत्रेनंतर संघाच्या अध्यक्ष नलिनीताई यांच्या जावयाचं पोट बिघडलं होतं. जावईबापू सकाळपासून उपाशी राहून आले होते आणि एकही स्टॉल त्यांनी वगळला नव्हता, ही गोष्ट चौकशीत पुढे आली, पण अहवालात आली नाही. सासूबाई अध्यक्ष. अहवालात असं आलं, की विक्रेते जे विकतात ते स्वतः खात नाहीत. त्यातून विद्याधरांच्या डोक्यात नियम सतरा जन्माला आला. ‘पहिला घास विक्रेत्याचा’ असा त्याचा मथळा. प्रत्येक विक्रेत्याने आपला पदार्थ तपासणी समितीसमोर स्वतः खावा. प्रतिनिधी चालणार नाही. त्यानंतरच स्टॉलला हिरवा शिक्का आणि विक्रीला सुरुवात. समितीने टाळ्या वाजवल्या. पूर्वी राजांच्या मुदपाकखान्यात अशीच पद्धत होती असं कुणीतरी म्हणालं, आणि विद्याधर त्या दिवशी घरी जरा राजासारखेच आले.

मग त्यांनी सगळी नियमावली वसुधाला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. नियम आला की ती ‘हं’ म्हणायची. ऐकायचं तिने लग्नानंतर पाच-सात वर्षांत सोडून दिलं होतं, पण ‘हं’ वेळेवर यायचं. तीच नियमावली मग विक्रेत्यांच्या ग्रुपवर पाठवण्यात आली. चौतीस नियम, त्यांची पोटकलमं आणि दोन परिशिष्टं. सगळ्या विक्रेत्यांनी ताबडतोब जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून पोच दिली. वाचली एकानेही नाही. आपल्याकडे जे वाचायचं नसतं त्याला नमस्कार करायची पद्धत आहे.

तारीख ठरवताना समितीने सगळ्या बाजूंनी विचार केला. परीक्षा नको, क्रिकेटचा सामना नको, लागून सुट्टी आली तर लोक गावाला जातात म्हणून तीही नको. उरला एक शनिवार. महापालिकेने बाग रात्री नऊपर्यंत दिली. त्या शनिवारच्या चौकोनात कॅलेंडरवर गणपतीचं छोटं चित्र होतं, ते मात्र कुणी पाहिलं नाही. समितीतल्या पुरुषांना संकष्टी फक्त घरात उशिरा जेवायला मिळतं तेव्हा कळायची, आणि नलिनीताईंचा देवावर विश्वास नव्हता.

वसुधाने चित्र पाहिलं होतं. तिला त्यात अडचण दिसली नाही. बायका उपाशी पोटी दुसऱ्यांना वाढत आल्या आहेत, त्याला परवाना लागत नाही.

पण तिच्या संकष्टीबद्दल थोडं सांगायला हवं. गंधाली शाळेत होती तेव्हा विद्याधर ऑफिसच्या दौऱ्यावर कुठेतरी उसाचा रस प्यायले आणि काविळीने हॉस्पिटलात पडले. दिवसेंदिवस पिवळे होत गेले. एका संध्याकाळी डॉक्टरांनी वसुधाला बाहेर बोलावून हलक्या आवाजात बरंच काही सांगितलं. त्यातलं तिला एवढंच कळलं, की आता बघायचं. ती जिन्यात बसली आणि गणपतीला म्हणाली, हे घरी येऊ देत, मी जन्मभर तुझी संकष्टी करीन, अळणी. चंद्र बघितल्याशिवाय अन्नाचा दाणा आणि मिठाचा कण तोंडात घालणार नाही. विद्याधर घरी आले. त्या काविळीतून दोन गोष्टी निघाल्या, वसुधाचा उपास आणि विद्याधरांची बाहेरच्या अन्नाची धास्ती. धास्तीची पुढे नियमावली झाली. उपासाचं कारण तिने कुणाला सांगितलं नाही, कारण नवस सांगायचा नसतो. बायको वजन उतरवायला उपास करते असं विद्याधरांना वाटायचं आणि वजन काही उतरत नाही हे ते दर संकष्टीला न चुकता निदर्शनाला आणायचे.

जत्रेच्या दिवशी वसुधाने घरीच दोन मोठी पातेली भात केला. तोंडली, काजू, वरून ओलं खोबरं. नारळांचा प्रश्न परस्पर सुटला. चारच्या सुमाराला भात उतरला. पातेल्यांवर ‘शिजवल्याची वेळ’ अशी चिठ्ठी लावायची होती, कारण नियम एकवीसप्रमाणे शिजवलेलं अन्न चार तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. पातेली जुन्या गोधडीत गुंडाळून रिक्षाने बागेत आली. वसुधाने डोक्याला जाळीची टोपी घातली, हातमोजे चढवले, पदर खोचला. समोर पाटी होती, ‘वसुधा खांबेटे यांचा मसालेभात’. तिने ती दोनदा सरळ केली. ती आधीही सरळच होती.

सहाला तपासणी समिती निघाली. पुढे विद्याधर, गळ्यात ओळखपत्र, हातात तापमापी. मागे नलिनीताई, हिरवे शिक्के घेऊन. अन्न साठ अंशांच्या वर गरम हवं म्हणून विद्याधर प्रत्येक पातेल्यात तापमापी खुपसत होते. वसुधाच्या भातातही खुपसली, आणि आकडा बघून जरा नाइलाजानेच मान डोलावली. टोपी ठीक, मोजे ठीक, पाणी झाकलेलं, कचऱ्याचे डबे दोन रंगांचे.

‘‘आता आपल्या पदार्थाचा एक घास खाऊन दाखवा,’’ विद्याधर म्हणाले. सरकारी कामात ते बायकोलाही अहोजाहो करत.

‘‘आज संकष्टी आहे,’’ वसुधा म्हणाली.

नलिनीताईंनी फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अय्या, खरंच की.’’

‘‘चंद्रोदय किती वाजता आहे?’’ विद्याधरांनी विचारलं.

‘‘सव्वानऊच्या पुढे,’’ नलिनीताईंनी फोनमध्येच बघून सांगितलं.

‘‘बाग नऊला बंद होते,’’ विद्याधर म्हणाले, ‘‘आणि तुमच्या भाताची मुदत आठला संपते.’’ ते ओशाळल्यासारखे दिसले नाहीत. नियमांची बेरीज बरोबर आल्याचं एक समाधान असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

‘‘अहो, मग तुम्हीच चाखा ना. घरी तुम्हीच तर चाखता.’’

‘‘मी तपासणी अधिकारी आहे. शिवाय विक्रेत्याचा नवरा. दोन्हीकडून मला मनाई आहे.’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘मी तुला वाचून दाखवला होता नियम. तू हं म्हणालीस.’’

एवढ्या वर्षांच्या ‘हं’चा हिशेब असा एकदम चुकता होईल, असं तिला वाटलं नव्हतं.

नलिनीताई मवाळ होत्या. ‘‘खांबेटे, एखाद्या वेळी सोडून द्यायचं हो.’’

‘‘दुसऱ्या कुणाची बायको असती तर विचार केला असता,’’ विद्याधर म्हणाले. ‘‘घरच्या माणसासाठी नियम वाकवला असं कुणी म्हणायला नको. दुरुस्ती करायची तर सभा घ्यावी लागेल आणि सभेला सात दिवसांची नोटीस लागते.’’

दुसऱ्या कुणाची बायको असती तर, हे वाक्य वसुधाने संसारात पुष्कळदा मनातल्या मनात म्हटलं होतं. त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

समिती पुढे सरकली आणि पुढेही तेच झालं. वनमालाचा उपास होता. पलीकडे थालीपीठवालीचा होता, खरवसवालीचा होता. पार्ल्यात घरचं खाणं विकायला बसणाऱ्या बायका आणि संकष्टी करणाऱ्या बायका या दोन याद्या जवळजवळ एकच असतात, हे समितीला त्या संध्याकाळी स्टॉलमागून स्टॉल कळत गेलं. वनमालाने गुणाजीला पुढे केलं. तो तोंड उघडून तयार होता, पण प्रतिनिधी चालत नाही म्हणून त्याला तोंड मिटायला सांगण्यात आलं.

हिरवा शिक्का मिळाला तो नितेश नावाच्या एका हुशार मुलाला. त्याने ज्वारीचे मोमो ठेवले होते. गोठवलेली पाकिटं कुठल्याशा गोदामातून आली होती, नितेशने ती फक्त वाफवली होती, तीही विजेवर. समितीसमोर त्याने आनंदाने एक मोमो खाल्ला, आणखी एक खाऊ का असं विचारून दुसराही खाल्ला. बाग माणसांनी भरत गेली आणि सगळी बाग नितेशकडे रांगेत उभी राहिली. पार्ल्याच्या घरगुती चवीची जत्रा, असं फाटकावर लिहिलं होतं.

लोक वसुधाच्या स्टॉलशी येत, पाटी वाचत, वास घेत आणि विचारत, ‘‘काकू, कधी सुरू होणार?’’ ती म्हणायची, ‘‘बघू हं.’’ एक बाई लहान मुलीला घेऊन बराच वेळ उभी राहिली. मुलीला भूक लागली होती. शेवटी तीही मोमोंकडे गेली.

‘‘काय करतलंव गे आता?’’ वनमाला स्टुलावर बसत म्हणाली. ‘‘येवडा सांबारा घराक न्हेवन काय न्हाव घालू?’’

गोधडीत हात घालून वसुधाने पातेलं चाचपलं. अजून गरम होतं. सात वाजून गेले होते. आठ वाजले की हा भात कचऱ्याच्या हिरव्या डब्यात जाणार, आणि डबा बंद करून त्यावर चिठ्ठी लावायला तिचा नवराच येणार. तिला रडू आलं नाही, राग आला. पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते तिला चांगलं ओळखीचं होतं. ती भीती होती. एक घास खायचा, एवढंच तर होतं. पण तो घास खाल्ला आणि उद्या ह्यांना काही झालं तर? हसण्यासारखी भीती, तिलाही ते कळत होतं. तरी भीतीच ती, आणि हॉस्पिटलच्या त्या जिन्यापासून ती तिच्याबरोबर राहत होती.

तिने मान वर करून नवऱ्याला शोधलं. विद्याधर नितेशच्या स्टॉलपाशी कचऱ्याच्या डब्यांचे रंग तपासत होते. ताठ कणा, भरलेले गाल, खणखणीत आवाज. या वयात इतकी तब्येत पार्ल्यात कुणाची नव्हती. गणपतीने आपली बाजू सांभाळली होती, थोडी जास्तच सांभाळली होती. बाप्पा, ती मनात म्हणाली, माणूस बरा झालाय, तूही बघतोयस. आजचा दोष माझ्या नावावर लाव, त्यांच्या लावू नकोस.

‘‘नलिनीताई,’’ तिने हाक मारली. ‘‘समितीला बोलवा. मी खाते.’’

समिती आली. वनमाला उठून उभी राहिली. ‘‘अगो, नको. येवडी वर्सां केलंस मा?’’

वसुधाने पातेल्याचं झाकण काढलं. वाफ वर आली. तिने ताटलीत भात घेतला, वरून खोबरं घातलं आणि हातमोजा काढून ठेवला. पहिला घास मोज्याने खाणं तिला पटेना. चमचा बाजूला सारून तिने बोटांनी घास घेतला आणि तोंडात घातला.

गरम होता. तोंडली अजून किंचित करकरीत होती. लवंग लागली, मग दगडफूल, मग तुपाचा वास नाकात गेला. आणि मीठ. मीठ बरोबर होतं. जास्त नाही, कमी नाही, जेवढं हवं तेवढंच. तिने दुसरा घास घेतला, कारण पहिल्यावर तिचा विश्वास बसेना. दुसऱ्यातही बरोबरच होतं. तिचा हात अडतीस वर्षं बरोबर होता, आणि दर वेळी ती त्या बरोबर मिठात आणखी मीठ घालून स्वतःच्या पानात खारट वाढून घेत आली होती. तिला आधी हसू आलं. मग जो राग आला त्याच्यापुढे मघाचा राग काहीच नव्हता.

विद्याधरांचं पेन कागदावर थांबलं होतं. ‘‘अगं, उपास?’’ अहोजाहो सुटलं होतं.

‘‘तुमच्या काविळीत बोलले होते,’’ वसुधा म्हणाली. ‘‘तुम्ही घरी यावं म्हणून.’’

‘‘म्हणजे वजनासाठी नाही?’’

‘‘नाही.’’

विद्याधर तिच्याकडे बघत राहिले. कुठल्या नियमात हे बसतं ते शोधत असावेत. मग म्हणाले, ‘‘मग मोडलास कशाला?’’

‘‘तुमचा नियम आहे,’’ ती म्हणाली. ‘‘शिक्का लावा. आठ वाजायला फार वेळ नाही.’’

त्यांनी शिक्का लावला. वाकडा लागला. आयुष्यात त्यांनी वाकडा लावलेला तो पहिला शिक्का असावा, आणि त्यांनी तो सरळही केला नाही. वनमालाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग स्वतःच्या डेऱ्यातलं सांबारं वाटीत घेतलं, आंबोळीचा तुकडा मोडला आणि नलिनीताईंना म्हणाली, ‘‘माझोय लिवन घ्या. गणपतीक मी सांगतंय. तो आमच्या वाडीचो आसा, समितीचो नाय.’’ तिने घास खाल्ला आणि डोळे मिटून गालांवर चापट्या मारून घेतल्या. मग थालीपीठवाली उठली. खरवसवाली म्हणाली की दुधाचं आहे, उपासाला चालेल बहुतेक, आणि तिने खरवस खाल्ला. एवढं साधं कुणाच्या आधी लक्षात आलं नव्हतं, समितीच्या तर नव्हतंच नव्हतं.

वास आधीच पसरलेला होता, त्यामुळे रांग लागायला वेळ लागला नाही. मोमोंच्या रांगेतली माणसं एकेक करून इकडे आली. भुकेल्या मुलीची आई परत आली. एक उंच मुलगा खाऊन गेला आणि पाच मिनिटांत मित्राला घेऊन पुन्हा रांगेत लागला. वसुधाने त्याला ओळखलं. दुसऱ्यांदा वाढताना तिचा हात सैल सुटला आणि काजू जरा जास्त पडले. ताटल्या रिकाम्या होऊन डब्यात जात होत्या; ती वाढता वाढता डब्याकडे बघत होती. उरलेला भात त्यात दिसत नव्हता.

पहिलं पातेलं संपलं, दुसऱ्याचा तळ दिसायला लागला, तेव्हा रांगेत विद्याधर दिसले. ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात घातलेलं. हातात कूपन. त्यांचा नंबर आल्यावर त्यांनी कूपन पुढे केलं आणि वसुधाने इतरांना वाढला तेवढाच भात त्यांना वाढला. ते बाजूला झाडाखाली जाऊन उभे राहिले. पहिला घास घेतला आणि चावणं थांबवलं. वर बघितलं, पण तिथे पंखा नव्हता, अशोकाच्या फांद्या होत्या. सवयीने त्यांचं बोट ताटलीच्या डाव्या कडेला गेलं. तिथे मीठ नव्हतं. स्टॉलवर उघडं मीठ ठेवायला नियम बावीसने मनाई होती. बोट तसंच थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी मिठाशिवाय भात संपवला, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत, आणि ताटली बरोबर रंगाच्या डब्यात टाकली.

वसुधा वाढत होती. ती बघत नव्हती असं नाही.

ते रांगेच्या कडेने पुढे आले आणि टेबलाशी उभे राहिले. घसा साफ केला. मागच्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, ‘‘वसुधा, मीठ बरोबर आहे.’’

‘‘माहीत आहे,’’ वसुधा म्हणाली. ‘‘मी खाल्लाय. जरा बाजूला व्हा, मागे रांग आहे.’’